युरोपीय नागरिकाच्या भारतीय जोडीदाराचा नोकरीचा हक्क: तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

गोव्यात जन्मलेला आणि पोर्तुगीज पासपोर्ट असलेला पती डब्लिनमध्ये नोकरी करतो आणि सावंतवाडीची, भारतीय पासपोर्ट असलेली पत्नी त्याच्याकडे राहायला जाणार आहे, हे उदाहरण या लेखात शेवटपर्यंत धरले आहे. पासपोर्ट उलटे असतील, म्हणजे पत्नी युरोपीय नागरिक आणि पती भारतीय असेल, तरी नियम तेच राहतात. अशा जोडप्यांचे अर्ज अडतात किंवा फेटाळले जातात, त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. भारतीय जोडीदाराची पदवी, अनुभवाचे दाखले आणि बँकेतील शिल्लक यांची जाडजूड फाइल तयार होते, आणि ज्याच्यामुळे हा हक्क मिळतो त्या युरोपीय नागरिकाच्या कागदांकडे शेवटच्या आठवड्यात लक्ष जाते. फाइल पत्नीची असली तरी तपासणी मुख्यतः पतीची होते, हे आधी मनात पक्के करावे.

कायद्याचा आधार थोडक्यात असा आहे. युरोपीय संघाच्या २००४/३८ या निर्देशानुसार (निर्देश म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा संघाचा नियम), आपला देश सोडून दुसऱ्या सदस्य देशात राहणाऱ्या संघाच्या नागरिकाबरोबर त्याच्या कुटुंबीयांनाही राहता येते. त्याच निर्देशाच्या २३व्या कलमानुसार हे कुटुंबीय कोणत्याही राष्ट्रीयत्वाचे असले तरी नोकरी किंवा स्वतःचा व्यवसाय करू शकतात. त्यासाठी वेगळा वर्क परमिट, किमान पगाराची अट किंवा मालकाचे प्रायोजकत्व लागत नाही. आयर्लंडमध्ये हा निर्देश २०१५ च्या नियमावलीद्वारे लागू आहे.

## आधीची चाळणी: हा मार्ग आपला आहे का?

कागद जमवण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत.

पहिला प्रश्न: युरोपीय नागरिक आपल्या स्वतःच्या नागरिकत्वाच्या देशाबाहेर, पण संघाच्या दुसऱ्या सदस्य देशात प्रत्यक्ष राहतो का? पोर्तुगीज नागरिक आयर्लंड, नेदरलँड्स किंवा जर्मनीत राहत असेल तर हा मार्ग लागू होतो. तो पोर्तुगालमध्येच राहत असेल तर पोर्तुगालचा स्वतःचा कायदा पाहावा लागतो. आयरिश नागरिक आयर्लंडमध्ये राहत असेल तर त्याच्या भारतीय पत्नीचा अर्ज आयर्लंडच्या देशांतर्गत नियमांखाली जातो, आणि तिथल्या अटी वेगळ्या व बऱ्याचदा कडक असतात. याला एक अपवाद आहे. नागरिकाने दुसऱ्या सदस्य देशात जोडीदारासह तीन महिन्यांहून अधिक काळ खरोखर संसार केला आणि नंतर तो मायदेशी परतला, तर युरोपीय न्यायालयाच्या १९९२ आणि २०१४ च्या निकालांमुळे जोडीदाराला तिथेही तशाच हक्कावर दावा करता येतो. सुट्टीतील भेटी किंवा शनिवार-रविवारच्या फेऱ्या या हिशेबात धरल्या जात नाहीत.

पती म्हापशात राहत असेल आणि पोर्तुगीज पासपोर्ट कपाटात असेल, तर पत्नीला अजून कोणताच हक्क मिळालेला नाही. पती वर्षातले आठ महिने तारवावर असेल आणि आयर्लंडमध्ये त्याचा फक्त टपालाचा पत्ता असेल, तरी हेच उत्तर आहे. गोव्यातील कुटुंबांचे अनेक अर्ज इथेच फसतात. पासपोर्ट युरोपीय असणे आणि युरोपात वास्तव्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा प्रश्न: देश कोणता? संघाच्या २७ देशांखेरीज नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन या देशांतही हीच व्यवस्था आहे, तर स्वित्झर्लंडशी वेगळा करार आहे. ब्रिटन यातून बाहेर पडले आहे. तिथे ३१ डिसेंबर २०२० पूर्वीपासून राहणाऱ्या युरोपीय नागरिकांच्या जोडीदारांसाठी वेगळी योजना आहे आणि तिच्यात नातेही सर्वसाधारणपणे त्या तारखेपूर्वीचे असावे लागते. ब्रिटनमधील स्विंडनला राहणाऱ्या नातेवाइकाचा अनुभव डब्लिनच्या अर्जासाठी प्रमाण मानू नये.

तिसरा प्रश्न: नाते कायद्याने कोणते आहे? विवाहित जोडीदाराचा हक्क निर्देशात थेट दिलेला आहे. यजमान देश, म्हणजे जिथे राहायला जायचे तो देश, नोंदणीकृत भागीदारीला विवाहासमान मानत असेल तर तिलाही हेच लागू होते. समलिंगी विवाह झाला असेल आणि यजमान देशात तो मान्य नसेल, तरीही निवासाच्या हक्कासाठी जोडीदार हा जोडीदारच धरला जातो, असे युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांची स्थिती मात्र कमकुवत आहे. त्यांच्या प्रवेशाला आणि निवासाला देशाने ‘सुलभता’ द्यावी, एवढेच निर्देश सांगतो. आयर्लंडमध्ये विवाहितांनी ईयू-१ हा अर्ज भरायचा असतो आणि अविवाहित जोडीदारांनी ईयू-१ए. ईयू-१ए भरणाऱ्याने निर्णय हाती येईपर्यंत नोकरीची परवानगी गृहीत धरू नये.

तपासणी: तिन्ही उत्तरे स्पष्ट असतील तरच पुढे जावे. एखादे उत्तर ‘बहुधा’ असेल तर आधी त्याचा निकाल लावावा, कारण चुकीच्या मार्गाने केलेला अर्ज मध्येच दुसऱ्या मार्गावर वळवता येत नाही.

## टप्पा १: युरोपीय नागरिकाची बाजू पक्की करणे

पहिले तीन महिने नागरिकाला आणि त्याच्या जोडीदाराला पासपोर्टखेरीज कोणतीही अट न पाळता राहता येते. त्यानंतर मात्र नागरिक पुढीलपैकी एका स्थितीत असावा लागतो: नोकरदार, स्वयंरोजगार करणारा, पुरेशी साधने आणि पूर्ण आरोग्य विमा असलेला, किंवा विमा व साधने असलेला विद्यार्थी. या चारांतील एकच स्थिती निवडावी आणि तिचाच पुरावा पूर्ण द्यावा. थोडी नोकरी, थोडी बचत आणि थोडे शिक्षण अशी खिचडी दाखवली की एकही स्थिती पुरेशी सिद्ध होत नाही.

नोकरीचा आधार सर्वांत सोपा आहे. काम अर्धवेळ असले तरी चालते, पण ते खरे आणि परिणामकारक असावे लागते. महिन्यातले चार-दोन तास म्हणजे नाममात्र काम असा आक्षेप येऊ शकतो. आयर्लंडसाठी पतीने नोकरीचा करार, मालकाचे ताज्या तारखेचे पत्र, अलीकडच्या पगारपावत्या आणि महसूल विभागाच्या खात्यातून मिळणारा नोकरीचा तपशील तयार ठेवावा. पगार रोखीने घेतला जात असेल आणि महसूल विभागाकडे त्याची नोंद नसेल, तर तो पगार अर्जापुरता अस्तित्वातच नसतो.

निवासाच्या पुराव्याला इथे नोकरीइतकेच वजन आहे. नव्याने आलेले अनेक जण एका घरात सहा-सात जण मिळून राहतात, भाडेकरार तिसऱ्याच्याच नावावर असतो आणि वीजबिल चौथ्याच्या. त्या पत्त्यावर पत्नीचा अर्ज टाकला की दोघे एकत्र राहणार कुठे, असा प्रश्न हमखास येतो. पत्नी येण्याच्या निदान दोन महिने आधी पतीच्या नावावर भाडेकरार, त्याची भाडे मंडळाकडील नोंदणी, एखादे बिल आणि त्या पत्त्यावर येणारे बँकेचे विवरण एवढी व्यवस्था करावी. पती नातेवाइकाकडे राहत असेल तर घरमालकाचे लेखी संमतीपत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत जोडावी.

आयर्लंडमध्ये युरोपीय नागरिकाला स्वतःची वेगळी निवासनोंदणी करावी लागत नाही. स्पेन आणि इटलीत ती करावी लागते, तर नेदरलँड्समध्ये नगरपालिकेच्या नोंदवहीत नाव असावे लागते. अशा देशांत आधी नागरिकाची नोंदणी आणि मग जोडीदाराचा अर्ज, हा क्रम उलटवू नये.

सावधान: आधी वर्षभर नोकरी केलेली असताना ती पतीच्या मर्जीविना गेली आणि त्याने रोजगार कार्यालयात नाव नोंदवले, तर त्याचा ‘नोकरदार’ हा दर्जा टिकतो. नोकरी वर्षाहून कमी झाली असेल तर तो निदान सहा महिने टिकतो. नाव नोंदवलेच नाही तर पतीचा दर्जा जातो आणि त्यावर उभा असलेला पत्नीचा हक्कही डळमळीत होतो.

## टप्पा २: विवाहाचा पुरावा आणि नावांचा मेळ

सर्वाधिक वेळ या टप्प्यात जातो, म्हणून पतीची नोकरी चालू असतानाच याला भारतात सुरुवात करावी.

गोव्यात विवाहाची नागरी नोंदणी दोन सह्यांनी होते. पहिली सही म्हणजे विवाहाच्या इराद्याची घोषणा असते. मधली मुदत संपल्यावर निबंधकापुढे दुसरी सही झाली की विवाह पूर्ण होतो. पहिल्या सहीनंतर मिळालेला कागद घेऊन थेट व्हिसासाठी जाणारी जोडपी आजही आढळतात. तो कागद विवाहाचा पुरावा नाही. चर्चमध्ये लग्न झाले असेल तर पॅरिशचा दाखला पुरेसा नसतो, त्या विवाहाच्या नागरी नोंदीचा उतारा लागतो. महाराष्ट्रात महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत नोंदवलेल्या विवाहाचे प्रमाणपत्र चालते. लग्नपत्रिका, फोटो आणि भटजींचे पत्र हे पूरक कागद म्हणून जोडता येतात, मूळ पुरावा म्हणून नाहीत.

प्रमाणपत्र मिळाल्यावर कामे पुढील क्रमाने करावीत.

१. प्रमाणपत्रातील दोघांची नावे, जन्मतारखा आणि लग्नाची तारीख दोन्ही पासपोर्टांशी अक्षरशः ताडून पाहावी. चूक असेल तर दुरुस्ती आत्ताच करून घ्यावी.

२. आधी राज्य शासनाचे प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का, घ्यावा. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. जर्मनीने मात्र भारताच्या प्रवेशाला आक्षेप घेतला होता, त्यामुळे जर्मनीत राहणार असल्यास अपोस्टिलवर काम भागेल असे गृहीत धरू नये आणि तिथल्या कार्यालयाला काय हवे ते आधी लेखी विचारावे.

३. प्रमाणपत्र मराठीत किंवा जुन्या पोर्तुगीज नोंदवहीतले असेल तर अपोस्टिल झाल्यावरच प्रमाणित भाषांतर करून घ्यावे. आधी भाषांतर केले तर नंतर लागलेल्या अपोस्टिलचा मजकूर त्यात येत नाही आणि तेच काम पुन्हा करावे लागते.

४. मूळ प्रत स्वतःकडे ठेवावी, दोन जादा प्रमाणित प्रती काढून घ्याव्यात आणि सर्व कागद रंगीत स्कॅन करून ठेवावेत.

नावांचा गोंधळ हा गोव्यातील अर्जांचा जुना आजार आहे. पोर्तुगीज नोंदीत आजोबांच्या काळातले स्पेलिंग, भारतीय शाळेच्या दाखल्यात दुसरे आणि विवाह प्रमाणपत्रात तिसरे, हे सर्रास दिसते. त्यातच भारतीय पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल किंवा लग्नानंतरचे नाव बदललेले नसेल तर गुंता वाढतो. ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ एवढेच म्हणणारे मोघम प्रतिज्ञापत्र देऊ नये. कोणत्या कागदावर कोणते नाव आहे आणि फरक कशामुळे पडला, हे ओळीने सांगणारे प्रतिज्ञापत्र करून त्याला प्रत्येक कागदाची प्रत जोडावी.

याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पतीची पोर्तुगालमधील वैवाहिक नोंद. पोर्तुगीज नागरिकाचा भारतात झालेला विवाह पोर्तुगीज नागरी नोंदणीत उतरवून घ्यावा लागतो. तो उतरवला नसेल तर पतीच्या जन्मनोंदीच्या उताऱ्यावर तो अविवाहितच दिसतो. निर्देशानुसार अर्जासाठी भारतीय प्रमाणपत्र पुरेसे असले, तरी अधिकाऱ्यापुढे एका कागदावर विवाहित आणि दुसऱ्यावर अविवाहित असा पती आला तर बनावट विवाहाची शंका येणे स्वाभाविक आहे. पणजीतील पोर्तुगीज वाणिज्य दूतावासात किंवा पोर्तुगालमधील नोंदणी कार्यालयात हे काम होते आणि त्याला महिने लागू शकतात.

तपासणी: पतीचा पासपोर्ट, पत्नीचा पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र आणि भाषांतर हे चार कागद एका ओळीत मांडावेत. ज्याला आपली ओळख नाही अशा व्यक्तीला फक्त हे चार कागद पाहून लग्न कोणाचे कोणाशी झाले ते सांगता आले पाहिजे.

## टप्पा ३: प्रवेशाचा व्हिसा

भारतीय नागरिकाला आयर्लंडमध्ये शिरायला व्हिसा लागतो आणि आयर्लंड शेंगेन क्षेत्रात (आपसात सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात) नसल्यामुळे शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. युरोपीय नागरिकाच्या कुटुंबीयांना व्हिसा विनाशुल्क आणि प्राधान्याने द्यावा, असे निर्देश सांगतो. व्हिसा केंद्रावर कुरिअर, प्रतीक्षाकक्ष, एसएमएस अशा ऐच्छिक सेवांचे पैसे मागितले जातात; त्या घेण्याचे बंधन नाही.

इथे होणारी मोठी चूक अर्जाच्या प्रकाराची असते. ऑनलाइन अर्जात पर्यटन, कौटुंबिक भेट, नोकरी असे पर्याय दिसतात आणि घाईत पर्यटनाचा व्हिसा घेतला जातो. नंतर पत्नी राहायला आली आहे हे उघड झाले की आधीच्या अर्जात खरा हेतू सांगितला नव्हता, असा ठपका बसतो. युरोपीय नागरिकाचा कुटुंबीय म्हणून असलेला पर्यायच निवडावा आणि सोबतच्या पत्रात पहिल्याच वाक्यात लिहावे की हा अर्ज २००४/३८ निर्देशाखाली, अमुक देशाच्या नागरिकाची पत्नी म्हणून, त्याच्यासोबत राहण्यासाठी आहे.

शेंगेन देशात जाणार असाल तर त्या अर्जातील तारांकित रकाने युरोपीय नागरिकाच्या कुटुंबीयांनी भरायचे नसतात. परतीचे तिकीट, हॉटेलचे आरक्षण आणि सहा महिन्यांचे बँक विवरण हे पर्यटकांकडून मागायचे कागद आहेत. दलालाच्या सल्ल्याने खोटे तिकीट आरक्षण जोडून फाइल ‘मजबूत’ करू नये. हक्काच्या अर्जात घातलेला एक खोटा कागद सगळा अर्ज बुडवू शकतो.

## टप्पा ४: पोहोचल्यानंतरचे पहिले आठवडे

विमानतळावर पती सोबत किंवा घ्यायला आलेला असावा आणि पत्नीच्या हातातील पिशवीत विवाह प्रमाणपत्राची मूळ प्रत असावी, सामानाच्या बॅगेत नव्हे. अधिकाऱ्याने पासपोर्टवर मारलेल्या शिक्क्याची तारीख आणि मुदत त्याच दिवशी वाचून टिपून ठेवावी, कारण पुढचे सगळे दिवस तिथून मोजायचे असतात.

मग पत्नीचे नाव त्या पत्त्याशी जोडायला घ्यावे. भाडेकरारात तिचे नाव घालून घ्यावे, संयुक्त बँक खात्याची विनंती करावी, मोबाइलचे बिल त्या पत्त्यावर घ्यावे आणि दवाखान्यात नोंदणी करावी. कायद्याने दोघांनी सतत एकाच छपराखाली राहण्याची सक्ती नाही, पण एकत्र वास्तव्याचा पुरावा मागितला जातो आणि तो मागाहून तयार करता येत नाही.

## टप्पा ५: निवासकार्डाचा अर्ज

अर्जासाठीची मुदत आगमनापासून तीन महिन्यांपेक्षा कमी ठेवता येत नाही, असे निर्देश सांगतो. तरीही तिसऱ्या महिन्याची वाट पाहू नये. पत्त्याचे दोन-तीन पुरावे जमले की अर्ज करावा. ईयू-१ अर्जात पत्नीचा तपशील, पतीचा तपशील आणि पती कोणत्या आधारावर राहतो ते भरायचे असते. प्रत्येक दाव्यापुढे त्याच्या पुराव्याचा क्रमांक घालावा आणि वर अनुक्रमणिका लावावी. कोणत्याही देशातील आधीचा व्हिसा नकार असेल तर तो लपवू नये. दोघांच्या सह्या पासपोर्टवरील सहीसारख्याच असाव्यात. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण अर्ज परत येण्याचे हे खरे कारण ठरते.

अर्ज केल्याची पावती ताबडतोब मिळायला हवी आणि कार्डाचा निर्णय अर्जापासून सहा महिन्यांच्या आत व्हायला हवा. निर्णय या मुदतीत अर्जदाराला कळवलाही गेला पाहिजे, असे युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. पत्नीने आधी दुसऱ्या सदस्य देशात कायदेशीर वास्तव्य केलेले असावे, अशी अट एकेकाळी आयर्लंडने घातली होती. २००८ मध्ये त्याच न्यायालयाने ती रद्द केली, तरी जुन्या सल्ल्यांत ती अजून भेटते.

आयर्लंडमध्ये विवाहित जोडीदाराचा अर्ज नीट दाखल झाला की निर्णय होईपर्यंत तात्पुरता ‘स्टँप ४’ हा निवासपरवानगीचा शिक्का मिळण्याची पद्धत आहे. त्यासाठी नोंदणी कार्यालयात वेगळी भेट घ्यावी लागते. हा शिक्का मिळाला की नोकरी करता येते.

सावधान: नुसत्या पावतीवर भारतात फेरी मारू नये. घरचे कार्य असो वा आजारपण, आधी परत येण्यासाठी व्हिसा लागेल का याचे लेखी उत्तर घ्यावे.

## टप्पा ६: नोकरी शोधणे आणि मालकाला हक्क पटवून देणे

कागदोपत्री मिळालेला हक्क बऱ्याचदा इथे अडखळतो. २५व्या कलमानुसार, निवासकार्ड हाती असणे ही हक्क वापरण्याची पूर्वअट करता येत नाही आणि हक्क इतर पुराव्यांनीही दाखवता येतो. हे कलम बरोबर असले तरी मनुष्यबळ विभागातील कर्मचाऱ्यापुढे ते वाचून दाखवल्याने नोकरी मिळत नाही. परदेशी व्यक्तीला परवानगीविना कामावर ठेवल्यास मालकाला दंड होतो, त्यामुळे त्याला हातात धरता येईल असा कागद हवा असतो. म्हणून माझा सल्ला असा आहे की तात्पुरता शिक्का मिळेपर्यंत मुलाखती द्याव्यात आणि रुजू होण्याची तारीख त्यानंतरची मागावी.

मालकाला एका पानाचे पत्र द्यावे. त्यात ‘मी अमुक देशाच्या नागरिकाची पत्नी असून निर्देशाच्या २३व्या कलमाखाली काम करू शकते. मला वर्क परमिट लागत नाही. सोबत शिक्क्याची आणि पावतीची प्रत आहे. माझ्या अर्जावर अमुक महिन्यापर्यंत निर्णय अपेक्षित आहे’ एवढेच असावे. नोकरीच्या अर्जात ‘तुम्हाला व्हिसा प्रायोजकत्व लागते का’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच खरे उत्तर आहे. अनेक जणी संकोचाने ‘हो’ लिहितात आणि पहिल्याच गाळणीत बाहेर पडतात.

यानंतरचा क्रम असा ठेवावा. प्रथम पीपीएस क्रमांकासाठी, म्हणजे आयर्लंडमध्ये कर आणि सरकारी सेवांसाठी लागणाऱ्या वैयक्तिक क्रमांकासाठी, अर्ज करावा. त्याला पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि क्रमांक कशासाठी हवा त्याचे कारण लागते, आणि नोकरीचे पत्र हे सर्वांत चांगले कारण असते. मग महसूल विभागाच्या संकेतस्थळावर खाते उघडून त्यात नवी नोकरी नोंदवावी. हे पहिल्या पगाराआधी केले नाही तर आपत्कालीन दराने जादा कर कापला जातो. तो नंतर परत मिळतो, पण पहिला पगार हातात निम्मा पडलेला पाहून घाबरगुंडी उडते. पगार स्वतःच्या किंवा संयुक्त खात्यात घ्यावा.

काम करण्याचा हक्क म्हणजे व्यवसायाचा परवाना नव्हे. भारतात परिचारिका असलेल्या पत्नीला आयर्लंडच्या परिचारिका व सुईण मंडळाची नोंदणी वेगळी घ्यावी लागते. डॉक्टर, औषधनिर्माते आणि फिजिओथेरपिस्ट यांचेही तसेच आहे. ही प्रक्रिया लांबते, त्यामुळे भारतातील परिषदेकडून लागणारी पत्रे निघण्यापूर्वीच मागवून ठेवावीत. तोवर केअर असिस्टंटसारखे काम करता येते, पण मालकाला स्वतःची नोंदणी झालेली परिचारिका म्हणून ओळख करून देऊ नये.

हक्क त्या एकाच देशापुरता असतो. पती आयर्लंडमध्ये राहून काम करतो म्हणून पत्नीला फ्रान्समध्ये नोकरी धरता येत नाही, हे युरोपीय न्यायालयाच्या २००६ च्या निकालातून स्पष्ट झाले आहे. डंडॉकला राहून सीमेपलीकडच्या न्यूरीत काम स्वीकारणाऱ्यांनी तर अधिकच जपावे: रस्त्यावर सीमा दिसत नाही, पण न्यूरी उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत आहे आणि तिथल्या नोकरीला ब्रिटनची परवानगी लागते.

## टप्पा ७: निर्णय लांबला किंवा नकार आला तर

अतिरिक्त कागद मागणारे पत्र आले तर दिलेल्या मुदतीत सर्व कागद एकाच वेळी पाठवावेत. तात्पुरत्या शिक्क्याची मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि त्याच्या महिनाभर आधी मुदतवाढीची लेखी चौकशी करावी. शिक्का संपल्यावर काम चालू ठेवले तर मालक आणि अर्जदार दोघेही अडचणीत येतात.

नकार लेखी आणि कारणांसह द्यावा लागतो, आणि पुनर्विलोकन किंवा अपिलाची मुदत त्या पत्रातच असते. ती मुदत पत्र मिळाल्यावर लगेच मोजावी आणि पहिल्या आठवड्यातच वकील गाठावा. नकाराचे कारण पतीच्या नोकरीचा अपुरा पुरावा हे असेल तर नवे पुरावे जोडून बाजू दुरुस्त करता येते. कारण बनावट विवाहाचा संशय हे असेल तर मामला गंभीर आहे. अशा वेळी एकमेकांच्या भेटी, आर्थिक व्यवहार, दोन्ही कुटुंबांचा सहभाग आणि संभाषणे यांचा तारखेनिहाय पुरावा लागतो.

कार्यालय युरोपीय नियम चुकीचे लावत असेल तर ‘सॉल्व्हिट’ या विनामूल्य सेवेकडे तक्रार करता येते. प्रकरण न्यायालयात असेल तर सॉल्व्हिट ते हाताळत नाही, आणि तिच्याकडे तक्रार केल्याने अपिलाची मुदत थांबत नाही. म्हणून दोन्ही गोष्टी समांतर चालवाव्यात.

## टप्पा ८: कार्ड मिळाल्यावर

कार्डाची मुदत सर्वसाधारणपणे पाच वर्षांची असते. या कार्डावर शेंगेन देशांत पतीसोबत किंवा त्याला भेटायला प्रवास करताना व्हिसा लागत नाही. एकटीने सहलीला जायचे असल्यास मात्र ही सवलत धरून चालू नये.

पत्ता बदलला, पतीने नोकरी बदलली किंवा मूल झाले तर कार्यालयाला लेखी कळवावे. वर्षातून एकूण सहा महिन्यांपर्यंतच्या गैरहजेरीने कार्डाची वैधता बाधित होत नाही. बाळंतपण, गंभीर आजार किंवा शिक्षण अशा महत्त्वाच्या कारणासाठी सलग कमाल बारा महिन्यांची एक गैरहजेरीही चालते. बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्यांनी दवाखान्याचे कागद आणि प्रवासाची तिकिटे जपून ठेवावीत.

पती कायमचा देश सोडून गेला तर पत्नीचा हक्क सामान्यतः संपतो. घटस्फोटाच्या बाबतीत तरतूद वेगळी आहे. घटस्फोटाची कार्यवाही सुरू होण्यापूर्वी विवाह निदान तीन वर्षे टिकला असेल आणि त्यातील निदान एक वर्ष दोघांनी यजमान देशात काढले असेल, तर पत्नीला हक्क टिकवता येतो. कौटुंबिक हिंसेसारख्या परिस्थितीत ही कालमर्यादा पूर्ण झाली नसली तरी मार्ग आहे. तीन वर्षांच्या तरतुदीवर हक्क टिकवायचा असेल तर कार्यवाही सुरू होईपर्यंत पती त्याच देशात असणे महत्त्वाचे ठरते. त्यामुळे नवरा आधी निघून गेला आणि मग कागद हलवले असा क्रम होऊ देऊ नये, आणि पगारपावत्यांची व विवाह प्रमाणपत्राची एक प्रत पत्नीने नेहमी स्वतःच्या ताब्यात ठेवावी.

पाच वर्षे सलग कायदेशीर वास्तव्य झाले की कायम निवासाचा हक्क मिळतो आणि मग पतीच्या नोकरीवर अवलंबून राहावे लागत नाही. आयर्लंडमध्ये त्यासाठी ईयू-३ अर्ज आहे. त्या अर्जात पाचही वर्षांतील पतीच्या नोकरीचा पुरावा मागितला जातो, म्हणून दर डिसेंबरात त्या वर्षाच्या पगारपावत्या, भाडेकरार आणि करविवरण एका पाकिटात घालून पाकिटावर वर्ष लिहून ठेवावे.